दुसऱ्या टेकचं हसू

१

१९७८ साल. मारामारीच्या विनोदी सिनेमांचं त्या वर्षी नुसतं पेव फुटलं होतं. शाळेतली पोरं जिन्यावरून आरोळ्या ठोकत उड्या मारायची आणि हात गळ्यात बांधून घरी यायची. मोठी माणसंसुद्धा न्हाणीघरात दार लावून हवेत लाथा मारत असावीत, कारण त्या वर्षी कंबर धरून चालणारे बाप्ये फार दिसत.

त्याच लाटेत शहराबाहेरच्या एका जुन्या गोदामात एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट दोन पोलीस डिटेक्टिव्हांची. एक काडीसारखा, कराटेतला खराखुरा विजेता. सगळे त्याला काडीच म्हणत. दुसरा ढोलासारखा. तो पडद्यावर आला की पोरंटोरं ‘ढोल्या, ढोल्या’ ओरडत. काडी लाथ मारायचा गुंडाला आणि ती बसायची ढोल्याला, एवढ्यावर सगळा सिनेमा उभा होता.

अर्थात लाथा खऱ्या ढोल्याला बसत नसत. त्यासाठी डुप्लिकेट होता. अंगाने हडकुळा, पण पोटाला, पाठीला कापूस बांधला, वर ढोल्याचा सूट आणि टोप चढवला की पाठमोरा हुबेहूब ढोल्या. सेटवर त्याला उशी म्हणत. उशी हा फाइट मास्तरांचा जावई.

त्या दिवशीचा शॉट असा होता. हॉटेलच्या गॅलरीत काडीची लाथ चुकून जोडीदाराला बसते, तो कठड्यावरून उलटा होऊन खालच्या काउंटरमागे कोसळतो, आणि क्षणभराने तिथूनच टोपी वाकडी झालेला उभा राहतो. पडायचा उशी. उठायचा ढोल्या, आधीच काउंटरमागे दडून बसलेला. कॅमेरा चालूच राहायचा, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं, एकच माणूस पडला नि उठला.

काउंटरमागे पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांची रास आणि वर गादी. खोकी चिरडतात आणि पडणाऱ्याचा मार खातात. पडल्यावर उशीने श्वासही जपून घ्यायचा आणि ‘कट’ येईपर्यंत मुडद्यासारखं पडून राहायचं, म्हणजे शेजारी उभ्या राहिलेल्या ढोल्याच्या कामात व्यत्यय नको. आणि दिग्दर्शकाचा एक हट्ट होता. सेटवर हसू चालू आहे तोवर तो ‘कट’ म्हणत नसे.

त्या दुसऱ्या टेकला हसू काही थांबेना. ढोल्या काउंटरमागून उठला, टोपी झटकली, लहान बाळासारखा अंगठा चोखला, स्वतःच्याच पोटाला नमस्कार केला. लाइटवाले शिडीवर बसून डोळे पुसत होते. शेवटी दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणून टाळी वाजवली आणि म्हणाला, “उशी, ऊठ बाबा. सोनं झालं शॉटचं.”

उशी उठला नाही. लोक त्यालाही हसले.

२

पोलीस आले ते दोघे. मोठे साहेब अंगाने भारी, डोळे अर्धे मिटलेले आणि सिनेमाचे भलतेच शौकीन. त्यांच्याबरोबर नुकतीच नोकरीला लागलेली फौजदारबाई. सडसडीत, गणवेशाला कडक इस्त्री. शाळेत असल्यापासून तिच्यावर एकच आरोप होता की ही मुलगी हसत नाही.

“आली बघ आपली जोडी,” कोणीतरी शिडीवरून पुटपुटलं. तिने ऐकलं. साहेबांनीही ऐकलं, पण त्यांना आवडलं असावं.

प्रेताची मान बघवत नव्हती. फौजदारबाईने प्रेतासकट गादी उचलून बाजूला ठेवायला लावली आणि ती तशीच थबकली. राशीच्या एका बाजूला, जिथे पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ यायची, तिथे खोकी नव्हतीच. एकावर एक सोड्याच्या बाटल्यांचे लाकडी क्रेट होते, सगळ्या बाटल्या भरलेल्या. आणि तिथली खोकी चांगली धडधाकट, काउंटरच्या खालच्या कप्प्यात कोंबलेली.

“हे क्रेट कुठले?”

“माझे,” सामानवाला म्हणाला. सेटवरच्या वस्तू सांभाळणारा तरुण माणूस, ओठ पांढरे पडलेले. “त्या कप्प्यातच ठेवले होते. हात नाही लावला मी पुन्हा.”

“खोकी कोण रचतं?”

“ज्याला पडायचं तोच. दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा आमच्यात रिवाज आहे. फक्त मास्तर शेवटी एकदा दाबून बघतात.”

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. म्हातारा एका पायावर जोर देऊन उभा होता, दुसरा गुडघा सुजलेला.

“मास्तर, दाबून बघितलीत?”

“नाही.”

“का?”

मास्तर बोलेनात. मग दोन्ही हात पुढे करून म्हणाले, “चूक माझी आहे. न्या मला.”

तेवढ्यात दारात मास्तरांची लेक आली. दिवस भरत आलेले. कोणी निरोप दिला, काय दिला देव जाणे. तिने आधी गादीकडे पाहिलं, मग बापाच्या पुढे केलेल्या हातांकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “हात खाली घ्या.”

३

साहेबांच्या मते प्रकरण संपलं होतं. “हलगर्जी झाली, म्हातारा कबूल करतोय. उद्या दुपारी कोर्टात उभा करू. अहो बाई, तुम्ही अशा काय बघताय?”

“साहेब, खोकी नेऊन कप्प्यात कोणी कोंबली? हलगर्जी करणारा एवढी मेहनत घेत नाही.”

“मग जावयाचा काटा काढला सासऱ्याने.”

“आणि स्वतःच हात पुढे केले?”

साहेबांनी जांभई दिली. “उद्या सकाळी ते रशेस का काय म्हणतात ते बघायला बोलावलंय आपल्याला. धुऊन आलेली कच्ची रिळं. तोवर विचारा तुम्हाला काय विचारायचं ते. त्यानंतर मास्तर आत. मान्य?”

मान्य करण्यावाचून इलाज नव्हता. ती लेक बाहेर बाकावर बसून होती. नवरा गेला होता, आता बाप चालला होता, आणि पोटातल्या जिवाला आईखेरीज कोणी उरणार नव्हतं. फौजदारबाईला हे सारखं दिसत होतं.

पहिला काडी. आरशासमोर बसून मानेचा घाम टिपत होता.

“गेल्या आठवड्यात तुमच्या लाथेने उशीची बरगडी दुखावली होती म्हणे.”

“दुखावली. तो सगळ्यांसमोर म्हणाला, कराटे येतं पण नाटक येत नाही याला. खरंच होतं ते. मला खोटं मारता येत नाही.”

“आज कशी मारलीत?”

“आज लागलीच नाही. त्याने स्वतःच उडी घेतली. मी गॅलरीत होतो, बाई, खाली उतरलोच नाही. पहिल्या टेकपासून मेकअपवाली माझ्या तोंडाला पावडर फासत होती.”

मेकअपवालीनेही तेच सांगितलं, वर म्हणाली, “तो कुठला खाली उतरतोय. आरसा वर होता ना.”

सामानवाल्याला विचारायच्या आधीच तो रडायला लागला. मास्तरांच्या लेकीला त्याने एकदा मागणी घातली होती. मास्तर नको म्हणाले आणि उशीला दिली.

“म्हणून मी मारीन का? मारायचंच असतं तर लग्नातच नसतं का मारलं,” तो म्हणाला. दोन टेकच्या मध्ये तो लाइटवाल्यांच्या शिड्या धरायला गेला होता. शिडीवरच्या दोघांनी ते सांगितलं.

तिसरा ध्वनिमुद्रक. कानाला लावायचे मोठे हेडफोन गळ्यात लोंबत होते. माणूस मेल्यापेक्षा त्याला वेगळंच दुःख होतं.

“पहिल्या टेकला काय सुरेख आवाज आला होता, बाई. आधी कर्रर्र, मग फस्स. खोकी फुटली की हवा सुटते ना, तो. दुसऱ्या टेकला नुसतं धप्प. मी मनात म्हटलं, गेला माझा आवाज वाया.”

“सांगितलंत कोणाला?”

“सांगणार कधी? सगळे हसत होते. मीही हसलो.”

“पहिला टेक चांगला होता, तर दुसरा घेतला कशाला?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “ढोल्याभाऊंना नको होता तो.”

४

ढोल्या आपल्या खोलीत पलंगावर पडला होता, डोळ्यांवर ओला रुमाल. साहेब आधीच त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि त्याच्या जुन्या सिनेमांतले प्रसंग त्यालाच सांगत होते.

“माझा धाकटा भाऊच गेला हो,” ढोल्या म्हणाला. “मी पडायचो पडद्यावर, पण हाडं त्याची मोडायची.”

“काउंटरमागे तुम्ही केव्हा जाऊन बसलात?” तिने विचारलं.

“लाइट लावत होते तेव्हाच. मला असं एकटं बसावं लागतं. त्याशिवाय रंगत येत नाही.”

“आणि उशी?”

“तो खोकी रचून कापूस बांधायला गेला होता.”

“मास्तर खोकी दाबायला आले नाहीत?”

ढोल्याने रुमाल बाजूला केला. क्षणभर त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. “येत होते. मी म्हटलं, मास्तर, ती उडती लाथ एकदा दाखवा बरं, विसरली आता दुनिया तुमची लाथ. म्हातारा चढला हरभऱ्याच्या झाडावर. मारली लाथ आणि आपटला. सगळा सेट हसला. रागावून बाहेर जाऊन बसला.”

म्हणजे मास्तरांनी तोंड बंद ठेवलं ते या लाजेपायी. जावई मेला तेव्हा आपण बाहेर रुसून बसलो होतो, हे म्हाताऱ्याला लेकीच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं.

“तो तुमच्या पायाशी मरून पडला होता. तुम्हाला कळलं नाही?”

“पडून राहायचं हेच तर त्याचं काम. मी नेहमीसारखी वाट बघितली, खोकी चिरडल्याचा आवाज आला, तो माझा इशारा. उठलो. मग कॅमेऱ्याकडे बघू की पायाकडे?”

साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. “टायमिंग. याचं टायमिंग कधी चुकत नाही, बाई. इशारा आल्याशिवाय हा माणूस पापणी हलवत नाही.”

तिने टिपून घेतलं नाही, नुसती बघत राहिली. ढोल्याच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती.

“अंगठ्याला काय झालं?”

“कुसळ गेलं. काउंटरचं.”

बाहेर येऊन तिने काउंटरवर तळहात फिरवला, वरून, खालून, मागून. सगळीकडे गुळगुळीत रंग. तिच्या हाताला साधी चरचर लागली नाही. मग ती वाकली आणि सोड्याच्या क्रेटची कड तिने बोटाने चाचपली.

५

सकाळी स्टुडिओच्या छोट्या थिएटरात सगळे जमले. लाकडी खुर्च्या, पडदा, भिंतीला जुनं गोणपाट. मास्तर आणि त्यांची लेक मागच्या रांगेत, शेजारी शिपाई. ढोल्या पुढे, साहेबांच्या बाजूला. दिग्दर्शक एकसारखा ढोल्याकडे बघत होता, कारण सिनेमा अर्धाच झालेला होता.

“दोन्ही टेक आवाजासकट दाखवा,” फौजदारबाई म्हणाली.

दिवे गेले. पहिला टेक. गॅलरीत पाठमोरा उशी, लाथ, कठडा, आणि तो असा उलटा होऊन खाली आला की हातपाय चारी दिशांना, आणि पडता पडता टोपी सावरायला एक हात वर. कर्रर्र, फस्स. सेटवर हसण्याचा लोंढा फुटला. तो ओसरत असताना काउंटरमागून ढोल्या वर आला. टोपी झटकली. तोंडं केली. कोणी हसलं नाही. हसू सगळं पडण्यातच खर्च झालं होतं. पडद्यावरचा ढोल्या थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं.

लेकीने पदर तोंडाशी धरला. तो वर गेलेला हात बघून.

दुसरा टेक. लाथ, कठडा, तेच पडणं, तोच टोपीला हात. धप्प. आणि त्याच क्षणी, लोकांना हसायला श्वास घ्यायचीही उसंत न देता, ढोल्या वर. अंगठा तोंडात. हसू फुटलं ते ढोल्याच्या नावाने.

थिएटरातही कोणीतरी हसलं. फस्सकन, आवरता न आल्यासारखं. साहेब होते ते.

“दिवे लावा,” ती म्हणाली.

साहेब खाली मान घालून बसले होते. पण बोलले तेच पहिल्यांदा, आणि त्यांच्या आवाजात झोप नव्हती. “काल म्हणालात, आवाजाची वाट बघितली. तो आवाज तर आलाच नाही. आला नाही तर तुम्ही उठलात कसे, भाऊ? तुमचे सगळे सिनेमे मी पाहिलेत. इशाऱ्यावाचून तुम्ही कधी उठला नाहीत.”

“धप्प झालं की. तेच ऐकून उठलो,” ढोल्या म्हणाला.

“नेहमी कर्रर्र होतं आणि एकदम धप्प झालं, तर माणूस आधी वळून बघतो,” फौजदारबाई म्हणाली. “तुम्ही वळला नाहीत. कारण या वेळी धप्पच होणार हे तिथे एकट्या तुम्हाला माहीत होतं. काडी वर होता, सामानवाला शिडीपाशी, मास्तरांना तुम्हीच हसवून हाकललंत. मग लाइट लागेस्तोवर काउंटरमागे तुम्ही होतात आणि ते क्रेट. पहिल्या टेकला अंगठा चोखला नव्हता. दुसऱ्याला चोखलात, आणि सगळ्यांना वाटलं काय नवीन सुचलं याला. क्रेटचं लाकूड खरखरीत आहे. काउंटर नाही.”

ढोल्याने पट्टीचा अंगठा मुठीत घेतला. मग तो हळूच साहेबांकडे वळला, आणि त्याने विचारलं ते फार आस्थेने विचारलं.

“तुम्ही आत्ता हसलात ना?”

साहेबांनी तोंड फिरवलं.

“पहिल्याला नाही हसलात. दुसऱ्याला हसलात. मी ऐकलं.” तो सगळ्यांकडे बघत म्हणाला, “मग? मी काय वाईट करतो का काम? मला फक्त एवढंच हवं होतं की एकदा त्याने वाकडं पडावं. थोडं लागावं. लोकांनी अरेरे म्हणावं आणि मग मी उठावं. इतकी वर्षं माझ्या नावावर तो हसू नेत होता.”

“वाकडा पडला तो,” मागून लेक म्हणाली. ती खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली होती. “तुमच्या पायाशी पडला. जिवंत होता का हो तेव्हा?”

ढोल्या अंगठ्याची पट्टी सारखी करू लागला.

“एवढं सांगा. श्वास होता?”

“घरघर येत होती थोडी,” ढोल्या म्हणाला. “पण लोक हसत होते ना. मध्येच कसं थांबणार?”

६

मास्तरांना त्याच दुपारी घरी सोडलं. त्यांनी पुन्हा कुठल्याही सेटवर पाऊल टाकलं नाही, आणि त्या गुडघ्यानेही त्यांना पुन्हा धड चालू दिलं नाही. नात झाली तिला मांडीवर घेऊन ते दारात बसत. कोणी जुन्या मारामाऱ्यांचा विषय काढला की नातीला आत पाठवत.

मारायचा हेतू होता हे कोर्टात सिद्ध झालं नाही. वकील म्हणाला, खोडी होती, अंगाशी आली. ढोल्या थोडी वर्षं आत राहिला आणि अंगाने अर्धा होऊन बाहेर आला. लोकांनी त्याला टाकलं असेल असं वाटेल, पण नाही. पहिल्याच सिनेमात तो दारातून आत आला आणि थिएटर हसून कोसळलं. बारीक झालेला ढोल्या म्हणजे आणखीच मजा. पुढे तो अंथरुणात मेला तेव्हा पेपरात त्याचा हसरा फोटो आला होता.

काडीने सिनेमा सोडून मुलांसाठी कराटेची शाळा काढली. तिथे आधी वर्षभर नुसतं पडायला शिकवत. ध्वनिमुद्रकाला म्हातारपणी ऐकू येईना. सामानवाल्याने मास्तरांच्या लेकीला पुन्हा एकदा विचारलं, रीतसर, वडिलांना घेऊन. ती नाही म्हणाली, पण त्यांना पाणी विचारलं. साहेबांनी बदली मागून घेतली. फौजदारबाई चढत चढत वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाली. तिला हसताना कोणी पाहिलं की नाही, हा वाद तिच्या हाताखालच्या लोकांत शेवटपर्यंत चालू होता.

आणि तो सिनेमा. तो पुरा करून लावला निर्मात्याने. एवढा खर्च केलेला, टाकून कसा देणार. दुसरा टेकच घेतला, कारण तोच जास्त हसवत होता.

फौजदारबाई एका दुपारी एकटी जाऊन बसली, साध्या कपड्यांत. अंधारात दोन रांगा पुढे तिला मास्तरांची लेक दिसली, मांडीवर झोपलेली पोर. दाराशी तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्याने नंतर सांगितलं, ती रोज येते, याच खेळाला.

गॅलरीचा शॉट आला. पाठमोरा माणूस कठड्यावर गेला. लेक पुढे वाकली. लाथ, उलटी उडी, हवेत पसरलेले हातपाय, टोपी सावरायला वर गेलेला तो एक हात. तो काउंटरमागे दिसेनासा झाला तशी ती पोर उचलून उठली आणि रांगेतून बाहेर पडायला लागली. कोणीतरी तिच्यावर वैतागलं, “बसा हो खाली, इथेच तर मजा आहे.”

दाराचा पडदा सरकवून ती बाहेर गेली तेव्हा मागे थिएटर हसायला लागलं होतं.